अर्धं सूत डावीकडे

अर्धसूतकडे मुक्कामाला पाहुणा आला की त्याला बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर झोपावं लागतं. सोफा आखूड आहे, पाय बाहेर लोंबतात. "आतली खोली तर रिकामीच दिसते," असं एखादा नवखा पाहुणा म्हणतो, तेव्हा अर्धसूतची बायको आवाज खाली आणून सांगते, "हळू बोला. तिथे बाईसाहेब झोपल्यात."

बाईसाहेब म्हणजे रायफल. हवेच्या दाबावर छर्रा उडवणारी, पण मुलांच्या खेळण्यातली नव्हे. नेमबाजीच्या सामन्यांसाठी घडवलेली, काळीभोर, देखणी, लांबवर टांगलेल्या शर्टाच्या गुंडीचा मध्य गाठणारी. तिच्या खोलीला जाड पडदा आहे, भिंतीवर हवेतला ओलावा दाखवणारा काटा आहे, कपाटाला आतून मखमल आहे. घरातल्या माणसाला ताप आला तर थर्मामीटर शोधताना सगळे खण उपसावे लागतात. बाईसाहेबांच्या खोलीचं तापमान मात्र केव्हाही विचारा, अर्धसूत झोपेतून उठून सांगेल.

अर्धसूत हे काही त्याचं कागदोपत्री नाव नव्हे. ते त्याच्या थोरल्या भावाने ठेवलं. दादा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. शिडीवर चढून, ब्रश दातात धरून, तो फळीवर खडूची रेघ मारायचा आणि मान न वळवता विचारायचा, "कसंय? उतरू?" रस्त्याच्या पलीकडे धाकटा भाऊ दप्तरासकट एक डोळा मिटून उभा असायचा. तो ओरडायचा, "थांब दादा! अर्धं सूत डावीकडे!" आता सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्याचं अर्धं पलीकडच्या फुटपाथवरून कुणाच्या बापाला दिसणार? पण याला दिसायचं. दादा रेघ पुसायचा, नवी मारायचा. "आता उतरू?" "आता जराशी उजवीकडे गेली." दादाच्या पोटऱ्या भरून यायच्या, दुकानदार दारात उभा राहून जांभया द्यायचा, आणि फिरून फिरून रेघ मुळात जिथे होती तिथेच येऊन बसायची. तरी 'बरोबर आहे' हे दोन शब्द काही धाकट्याच्या तोंडातून निघायचे नाहीत. शेवटी दादा वैतागून आपला आपणच खाली उतरायचा.

असा मुलगा मोठेपणी काय होणार? कवळ्या बनवणारा झाला. दंतवैद्यांकडून जबड्यांचे साचे येतात, अर्धसूत त्यात प्लास्टर ओततो, मेणात एकेक दात बसवतो, घासतो, चमकवतो. शहरातली निम्मी म्हातारी मंडळी त्याच्या दातांनी हसतात. आणि गंमत अशी, की कामात त्याने कधी कुणाला ताटकळत ठेवलं नाही. कवळी म्हटल्या दिवशी तयार. बायकोला याचं फार नवल वाटायचं. दादाला वाटायचं नाही. "तोंडाला भूक लागते," दादा म्हणायचा, "म्हणून कवळी वेळेवर जाते. रायफलीला भूक लागली असती, तर तीही केव्हाच तयार झाली असती."

कारण रायफल तयार नव्हती. ती घरात आल्यापासून तयार होत होती.

तिची नळी अर्धसूत दंतवैद्याच्या छोट्या आरशाने तपासायचा. नळीच्या टोकाशी आरसा धरून "हं... हं..." करत आत बघायचा, आणि पुढचं वाक्य "जरा मोठं उघडा" हेच येणार असं बायकोला वाटायचं. मग नळी साफ करायचा. साफ केलेली नळी लगेच नीट वागत नाही, हे नेमबाजांमध्ये सगळ्यांना ठाऊक असतं. आत शिशाचा पातळसा लेप बसेपर्यंत छर्रे इकडेतिकडे जातात. तर अर्धसूत तो लेप बसेपर्यंत चिकाटीने छर्रे उडवायचा. मग एके दिवशी छर्रे एकाच भोकातून जायला लागायचे. तेव्हा तो खूश व्हायचा, आरसा आणायचा, आत बघायचा आणि म्हणायचा, "अरेरे, केवढी घाण बसली आहे." आणि नळी साफ करायचा.

नेम धरताना गाल टेकायचा उंचवटा त्याला सूतभर बुटका वाटला, म्हणून त्याने तो स्वतः घडवला. साहित्य अर्थातच कवळीचं, आणि ते एकाच रंगात मिळतं. त्यामुळे त्या काळ्याभोर रायफलीच्या पाठीवर हिरडीच्या गुलाबी रंगाचा एक गुळगुळीत डोंगर उगवला. "बाईसाहेबांना हिरड्या फुटल्या," बायको म्हणाली, "आता दात यायची वाट बघायची." प्रत्येक स्क्रू ठरावीक जोराने आवळायचा आणि त्यावर लाल नेलपॉलिशची केसासारखी रेघ ओढायची, म्हणजे स्क्रू जरा जरी सैल झाला तरी रेघ तुटलेली दिसते, ही युक्ती त्याला कुणीतरी सांगितली होती. तेव्हापासून बायकोची नेलपॉलिशची बाटली आतल्या खोलीत राहायला गेली. लग्नकार्याला जाताना बायकोची नखं कोरी असतात आणि बाईसाहेबांचे स्क्रू नटलेले.

सगळ्यात बघण्यासारखा प्रकार म्हणजे हवा भरणं. रायफलीच्या टाकीत हातपंपाने हवा भरावी लागते, आणि तो दाब असा की शेवटचे रट्टे मारताना माणसाचं अख्खं वजन दांड्यावर टाकावं लागतं. अर्धसूत काडीपैलवान. पंप मारून झाला की त्याची छाती लोहाराच्या भात्यासारखी हलायची. अशा छातीने नेम धरता येत नाही, म्हणून तो श्वास जागेवर येईपर्यंत स्टुलावर बसून राहायचा. पण नुसतं बसायचं कसं? म्हणून हातात स्क्रूड्रायव्हर घ्यायचा. आणि एकदा स्क्रूड्रायव्हर हातात आला की रायफल उघडलीच म्हणून समजा. उघडायची तर आधी हवा सोडून द्यावी लागते. फुस्स आवाज आला की स्वयंपाकघरातून बायको म्हणायची, "झाला सराव?"

छर्ऱ्यांची तर निराळीच कथा. नवा डबा आला की तो सोनाराच्या काट्यावर एकेक छर्रा तोलायचा. वजन मनासारखं भरलं तर पास, नाहीतर नापास. पास झालेले फार थोडे. नापासांचे ढीग. ते टाकवेनात म्हणून बायकोने मागून घेतले. ती शिवणकाम करते. तिने कापडाच्या लहान लहान पिशव्या शिवल्या, त्यात नापास छर्रे भरले, आणि कापड बेतताना हलू नये म्हणून त्या चारी बाजूंनी ठेवायला लागली. इस्त्रीच्या टेबलावर अशा पिशव्यांची रांगच असते.

पास झालेल्यांचं कौतुक काय विचारता! एका वर्षी एकाच खेपेच्या डब्यांमधून, नजर लागेल असे एकसारखे छर्रे निघाले. अर्धसूतने ते साबणाच्या पाण्यात धुतले, कारखान्यातला तेलाचा थर काढून टाकला, बायकोच्या केस वाळवायच्या यंत्राने वाळवले, आणि त्यांच्यासाठी खास एक लाकडी पेटी बनवली, प्रत्येक छर्ऱ्याला वेगळा खळगा असलेली. पेटीचं झाकण हवा आत जाणार नाही इतकं घट्ट. "हे त्या दिवसासाठी," तो म्हणाला, आणि पेटी कपाटात गेली. रायफलीचा दाब, स्प्रिंग, नळी, सगळं त्याने पुढे त्याच खेपेच्या छर्ऱ्यांवर जुळवलं. सरावाला त्या खेपेचे उरलेसुरले वापरले. पेटीला हात लावला नाही.

तो दिवस म्हणजे नेमबाजी क्लबाचा वार्षिक सामना. क्लबाची सचिव एक निवृत्त खेळशिक्षिका आहे. तिच्या गळ्यात कायम शिट्टी असते आणि तिच्यामागे सगळे तिला शिट्टीबाई म्हणतात. दर वर्षी अर्धसूत तिच्याकडे नाव द्यायचा आणि दर वर्षी आदल्या दिवशी फोन करायचा. एका वर्षी रबरी कडीतून हवा झिरपत होती. एका वर्षी दाबाचा काटा पुरेसा विश्वासू वाटत नव्हता. एका वर्षी काहीच बिघडलं नव्हतं, आणि म्हणूनच त्याला धास्ती वाटत होती. पुढे पुढे शिट्टीबाई बाकीच्यांची नावं पेनाने आणि त्याचं पेन्सिलीने लिहायला लागली.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण मध्ये दादा होता. लहानपणी शेजाऱ्याकडे वाकड्या नळीची एक जुनी बंदूक होती. तिने मागच्या भिंतीवरचे रिकामे डबे पाडायला धाकट्याला दादानेच शिकवलं. पाटीवर लांब रेघ ओढताना दादा जे करायचा तेच त्याने बंदुकीसाठी सांगितलं: "श्वास अर्धा सोड, अर्धा ठेव, आणि मग घाई करू नकोस." रायफल घरी आली तेव्हा दादा तिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "झकास आहे. आता एकदा तुला सामन्यात बघू दे. मागच्या बाकावर गप्प बसेन."

"रायफल तयार होऊ दे, दादा."

त्यानंतर दादाचा हात थरथरायला लागला. आधी बारीक अक्षरं सुटली, मग मोठी, मग शिडी. ब्रश गेले, कपात चहा अर्धाच ओतून घ्यायची सवय लागली. दादा एकटाच राहायचा, दोन गल्ल्या सोडून. परदेशातली त्याची लेक कधीपासून मागे लागली होती. या वर्षी तो हो म्हणाला. महिनाअखेरीस ती येऊन त्याला घेऊन जाणार होती. एवढा लांबचा प्रवास तब्येतीला पुन्हा झेपायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणजे गेला की गेलाच. सामना त्याच्या आधी होता.

"या वर्षी पेनाने लिहा," अर्धसूतने शिट्टीबाईला सांगितलं. तिने चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं आणि पेन काढलं.

महिनाभर त्याने नळीला हात लावला नाही. बायकोने आरसा लपवून ठेवला होता हे खरं, पण त्याने तो फारसा शोधलाही नाही. हवा आधीच भरून ठेवली. सामन्याच्या आदल्या दिवशी, दुपारी, हात धुऊन, खिडकीशी बसून त्याने कपाटातून ती लाकडी पेटी काढली आणि झाकण उघडलं.

आत सगळं पांढरं होतं.

एकेका खळग्यात एकेक छर्रा नीट बसलेला होता, आणि प्रत्येक छर्रा पिठात घोळल्यासारखा. त्याने एक उचलला. बोटांना पांढरी पूड लागली, खाली खरबरीत, खड्डे पडलेलं शिसं. काय झालं ते त्याला क्षणात कळलं, कारण यातलं कळण्याइतकं तो नक्कीच वाचत होता. शिशाला जपणारं तेल त्याने स्वतःच्या हाताने साबणाने धुऊन काढलं होतं. मग ते उघडं शिसं कच्च्या लाकडाच्या पेटीत घट्ट बंद केलं होतं, आणि लाकडातून सुटणारी आंबट वाफ त्याला इतकी वर्षं आत बसून खात होती. डब्यात तसेच टाकले असते तर अजून कोरे राहिले असते. फडताळात, उन्हात, कुठेही टाकले असते तरी चाललं असतं. फक्त त्याने केली तेवढी काळजी करायला नको होती.

ती पूड नळीत गेली तर नळीचा सत्यानाश. दुकानातले दुसरे छर्रे आणावेत तर रायफल त्यांना ओळखत नव्हती, आणि ती खेप केव्हाच संपली होती. अर्धसूतने पेटी मिटली, पुसली, सवयीने कपाटाच्या कडेला समांतर ठेवली, आणि दादाला फोन लावला.

"दादा, उद्याचं जमत नाहीये रे."

"रायफल तयार नाही?"

"रायफल आहे. छर्रे खराब झालेत. म्हणजे माझ्याच हाताने..."

पलीकडे दादा हसला, अगदी प्रेमाने. "बरं. असू दे. पुढच्या वर्षी बघू."

फोन ठेवल्यावरही अर्धसूत तसाच बसून राहिला. दादा एक शब्द वाकडा बोलला असता, त्याने चार शिव्या हासडल्या असत्या, तर बरं वाटलं असतं. 'पुढच्या वर्षी' हे त्याचं स्वतःचं वाक्य होतं. ते दादाच्या तोंडून ऐकताना त्याला स्वतःची लाज वाटली, आणि रडूही आलं.

पलीकडे बायको एक झगा बेतत होती. तिने कात्री खाली ठेवली. कापडाच्या कोपऱ्यावरची एक पिशवी उचलली, टाचणीने शिवण उसवली आणि ती त्याच्यासमोर टेबलावर रिकामी केली. छर्रे टेबलाच्या काचेवर खळखळत सांडले. करडे, चकचकीत, तेलाचा हात असलेले.

"हे कुठले?" त्याने नाक पुसत विचारलं.

"तुमचेच. नापास झालेली पोरं. त्याच खेपेची."

"अगं, पण हे वजनात..."

"किती कमी होते हो वजनात?"

त्याने सांगितलं. तो आकडा इतका लहान होता की सांगताना त्याचा आवाजही आपोआप लहान झाला.

"आणि धुतले नव्हते, नाही का?"

"नापास झालेल्यांना कोण धुतंय?"

"देव पावला," बायको म्हणाली आणि दुसरी पिशवी उसवायला घेतली.

तो सोनाराचा काटा आणायला उठला. काट्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा गठ्ठा होता, आणि गठ्ठ्यावर बायकोचा हात. "वजन केलंत तर परत नापास होतील. बसा खाली." मग दोघं खिडकीशी बसून छर्रे निवडायला लागली. ज्याच्या कडेला पोचा आला असेल तो काचेवर घरंगळताना डगमगतो, जो धड असेल तो गोल वाटोळं वळण घेतो. बायको अंगठ्याने एकेक ढकलत होती, डगमगणारा बाजूला सारत होती, आणि अर्धसूतपेक्षा दुप्पट वेगाने. तिने उभ्या आयुष्यात किती टाचण्या, किती गुंड्या निवडल्या असतील! त्याने एक छर्रा उजेडात धरून फार वेळ बघितला, तेव्हा तिने तो त्याच्या बोटांतून काढून घेतला आणि धड असलेल्यांत टाकला.

संध्याकाळी दादाला तिनेच फोन केला. "भाऊजी, उद्या चांगला कोट घाला. आम्ही न्यायला येतोय. नाही, नाही, ते काही बोलत नाहीयेत. मी बोलतेय."

सामना क्लबाच्या लांबलचक शेडमध्ये असतो. एका बाजूला टेबलांची रांग, पार दुसऱ्या टोकाला फळ्या, आणि प्रत्येक फळीवर लहान लहान चकत्यांच्या रांगा छापलेला एकेक कागद. स्टुलावर बसायचं, रायफल पुढे ठोकळ्यावर आणि मागे वाळूच्या पिशवीवर टेकवायची, आणि एकेका चकतीत एकेक छर्रा मारायचा. मधल्या ठिपक्याला लागला तर दहा. अर्धसूतच्या डाव्या हाताच्या टेबलावर भूगोलाचे सर होते. ते दर वर्षी येतात, चिवडत बसत नाहीत, आणि दर वर्षी पहिल्या काही जणांत असतात. त्यांनी बाईसाहेबांचा गुलाबी डोंगर बघितला आणि सभ्य माणूस असल्यामुळे काही बोलले नाहीत.

मागच्या बाकावर दादा बसला होता. चांगला कोट, वर घट्ट गुंडी, हातात छोटी दुर्बीण. ती डोळ्यांना लावली की हाताबरोबर थरथरायची. दादा म्हणाला, "सगळे कागद नाचतायत रे." बायकोने थैलीतून आपल्या छर्ऱ्यांच्या अर्ध्या रिकाम्या झालेल्या कापडी पिशव्या काढल्या, बाकासमोरच्या कठड्यावर एकावर एक रचल्या आणि दुर्बीण त्यांच्यावर टेकवून दिली. मग शिट्टी वाजली.

पहिला छर्रा भरताना अर्धसूतला सगळं आठवायला लागलं: दाबाचा काटा बघितला का, मागचा स्क्रू तपासला का, नेलपॉलिशची रेघ तुटली तर नाही. त्याचा हात खिशात गेला. खिशात स्क्रूड्रायव्हर नव्हता. त्याने मागे वळून बायकोकडे बघितलं. तिने मांडीवरची पर्स जराशी उघडून आतला स्क्रूड्रायव्हर त्याला दाखवला आणि पर्स पुन्हा मिटली.

आता करण्यासारखं एकच काम उरलं होतं. त्याने गाल टेकवला, श्वास अर्धा सोडला, अर्धा ठेवला.

छर्रा ठिपक्याला लागला. त्याचा विश्वास बसला नाही. दुसराही लागला. तिसरा बाहेर गेला, पण तो का गेला हे त्याला पक्कं ठाऊक होतं. चाप ओढताना त्याने आनंदाने श्वास घेतला होता. मग तो एकामागून एक मारत गेला. कधी दहा, कधी नऊ, एकदा लाज वाटावी असा पाच. चुकले ते सगळे त्याचे चुकले. छर्ऱ्यांनी एकदाही दगा दिला नाही. नापास पोरं एकेक करून नळीतून जात होती आणि त्याने पाठवलं तिथे जाऊन लागत होती. मधल्या रांगेशी त्याच्या ध्यानात आलं, की गेल्या कित्येक वर्षांत निवडून, तोलून, धुऊन जे साधलं नव्हतं तेच आज साधत होतं, आणि ते तेव्हाही साधलं असतं. अगदी पहिल्या वर्षी, दादाचा हात धड होता तेव्हासुद्धा.

निकाल लागला तेव्हा वरून मोजा की खालून, तो साधारण एकाच जागी होता. भूगोलाचे सर दुसरे आले. शिट्टीबाईने अर्धसूतचा कागद त्याच्या हातात देताना म्हटलं, "पेनाने लिहिलेलं वाया गेलं नाही हो." तो कागद घेऊन बाकाशी गेला. कागद दादासमोर धरला आणि म्हणाला, "हा बघ, हा पाचवाला. इथे मी..."

"मी कागद बघतच नव्हतो," दादा म्हणाला. "पहिल्या दोन-चार छर्ऱ्यांनंतर दुर्बीण तुझ्याकडे वळवली. काय छान बसतोस रे नेम धरून! हे सगळं इतकी वर्षं त्या खोलीत कोंडून ठेवलं होतंस?"

अर्धसूतने मान खाली घातली. "चुकलंच दादा," तो म्हणाला.

"चुकलं तर चुकलं. छर्रे उरलेत का?"

चार-पाच उरले होते. शिट्टीबाईने आधी नियम सांगितला, मग दादाच्या कोटाकडे आणि थरथरत्या हाताकडे बघितलं, आणि मग म्हणाली, "एकच. सगळे रेघेच्या मागे." फळ्यांवर नवे कोरे कागद लावले गेले. दादाला स्टुलावर बसवलं. रायफल ठोकळ्यावर आणि पिशवीवर टेकलेलीच होती. अर्धसूतने एक नापास छर्रा भरून दिला. दादाने गुलाबी डोंगरावर गाल टेकवला आणि म्हणाला, "ही कुणाची हिरडी?" सगळे हसले. मग तो रायफलीवरच्या दुर्बिणीतून बघायला लागला आणि शेड गप्प झाली.

दादाने श्वास अर्धा सोडलेला अर्धसूतला ऐकू आला.

छर्रा केव्हा सुटला ते दादालाही कळलं नसावं. अर्धसूतने तो चाप इतका हलका करून ठेवला होता. फट् झालं, आणि अर्धसूतने दादाची छोटी दुर्बीण डोळ्यांना लावली. दादासमोरचा कागद कोरा होता. वरून खालपर्यंत, या कडेपासून त्या कडेपर्यंत, कोराच.

"अहो," भूगोलाचे सर शेजारून हळूच म्हणाले, "माझ्या कागदावर एक दहा आहे."

अर्धसूतने दुर्बीण वळवली. खरंच होतं. सरांच्या कागदावर, अगदी मधल्या चकतीच्या मधोमध, स्वच्छ, वाटोळं भोक. थरथरत्या हातापुढे सगळे कागद नाचत होते, त्यातला जो समोर स्थिर झाला तो दादाने धरला होता. धाकट्याने आयुष्यभर जे सांगितलं ते दादाने शेवटी ऐकलं होतं. डावीकडे गेला होता. अर्धं सूत नव्हे, चांगला दोन हात.

शिट्टीबाईने नियमाप्रमाणे शिट्टी तोंडाकडे नेली होती, ती तिथेच थांबली. दादा अजून रायफलीवर गाल टेकवून होता. त्याने मान वळवली नाही. शिडीवरून विचारायचा तसंच विचारलं.

"कसंय?"

अर्धसूतने कोऱ्या कागदाकडे बघितलं, मग भोक पडलेल्या कागदाकडे. मग दुर्बीण खाली ठेवली.

"बरोबर आहे, दादा."

"नक्की?"

"नक्की."

"अर्धं सूतसुद्धा नाही?"

"काही नाही. अगदी बरोबर आहे."

दादाने रायफलीवरून गाल उचलला आणि त्याच्याकडे वळून बघितलं. "मग उतरू आता?"

"उतर," अर्धसूत म्हणाला, आणि त्याला उठवायला हात पुढे केला.